धातू पातळ आहे तोवर

कोल्हापुरात शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही बऱ्यापैकी फाउंड्रीत मे महिन्यात गेलात, तर सगळ्या शेडमध्ये एकच खोली हमखास गार सापडेल. मालकांची केबिन नव्हे. तिथला एसी मालक आले की लागतो. रात्रंदिवस गार असते ती स्पेक्ट्रोची, म्हणजे धातूत काय किती आहे ते प्रकाशावरून मोजणाऱ्या यंत्राची, खोली. दार जरा उघडं राहिलं की आतून ओरडा येतो. बाहेर इंडक्शन भट्टीत चौदाशे-पंधराशे अंशांवर लोखंड हिंदकळत असतं आणि इथे एका पेटीला खोलीचे चार-दोन अंश इकडचे तिकडे झालेले सोसत नाहीत. पेटीच्या आत अतिशय बारीक रेघा ओढलेला एक अंतर्गोल आरसा असतो. त्याच्यावरून फुटून निघालेला प्रकाश ठरलेल्या जागीच पडायला हवा. खोली तापली की पेटी कणभर फुगते, प्रकाशाची रेघ जागेवरून सरकते आणि कार्बनचा आकडा खोटा येतो. कार्बन खोटा आला की त्या हीटचं, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याचं, पुढचं सगळं गणित फिसकटलं.

या खोलीत मी नोकरीला लागले ती बीएस्सी होऊन, नुसत्या केमिस्ट्रीच्या जोरावर. भट्टी तोवर लांबूनच पाहिलेली. उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून ओतकाम चालतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांतला कोणी ना कोणी मोल्डिंगला (साचे करायला), फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायला) नाहीतर पॅटर्नशॉपला असायचाच. पण बाईमाणसाला भट्टीपाशी जायचं कारण नव्हतं. लॅबमध्ये बसणारी 'मॅडम' ही त्यातल्या त्यात चालून जाणारी गोष्ट. आमचे मेल्टर, म्हणजे भट्टी सांभाळणारे, ज्यांना सगळी फाउंड्री मामा म्हणते, त्यांनी सुरुवातीलाच दारातून डोकावून सांगून ठेवलं होतं, "मॅडम, तुमचं मशीन खरं बोलतंय, म्हायती हाय. फकस्त जरा लवकर बोलायला सांगा त्याला."

मामांची ही मागणी मला तेव्हा आडमुठी वाटली. आता वाटतं, सगळ्या विषयाचा कणा तोच आहे.

हीट तयार होत आली की मामा लांब दांड्याच्या पळीने थोडा धातू काढतात आणि तांब्याच्या साच्यात ओततात. तांबं उष्णता झपाट्याने ओढून घेतं, त्यामुळे धातूचं बघता बघता नाणं बनतं. आम्ही त्याला कॉइनच म्हणतो. ही घाई मुद्दाम असते. कास्ट आयर्न सावकाश गार झालं तर त्यातला कार्बन ग्राफाइट होऊन वेगळा पडतो, आणि ठिणगी ग्राफाइटवर पडली की कार्बनचा आकडा भरकटतो. झटक्यात गोठवलं तर कार्बनला वेगळं पडायला सवडच मिळत नाही, तो लोखंडाशी बांधलेला राहतो. असं नाणं मोडलं तर आत पांढरंशुभ्र दिसतं. करडं दिसलं तर ते यंत्रावर ठेवायचंच नाही, दुसरं मागवायचं. रात्रपाळीला मेल्टर आणि लॅब यांच्यात जी भांडणं होतात त्यातली बरीचशी या पांढऱ्या-करड्यावरून होतात, आणि दरवेळी लॅबच बरोबर असते असं मी म्हणणार नाही.

मग नाणं ग्राइंडरवर घासायचं. घासलेल्या तोंडाला बोट लावायचं नाही. स्टँडवर उपडं ठेवून दाबपट्टी लावायची आणि बटण दाबायचं. खालून आर्गॉन वायू वाहत असतो, टंगस्टनच्या टोकापासून नाण्यापर्यंत सेकंदाला शेकडो ठिणग्या उडतात, आणि चर्रर्र असा एक सलग आवाज येतो. या जाळण्याला आणि त्याच्या डागाला आम्ही बर्न म्हणतो. सवयीच्या कानाला तो आवाजच अर्धा रिपोर्ट असतो. आर्गॉन अशुद्ध असेल, नाण्यात भोक असेल, तोंड नीट बसलं नसेल, तर आवाज फाटतो. नाणं उचलून पाहिलं तर चांगल्या बर्नभोवती काळसर कडं दिसतं. वाईट बर्न नुसता पांढुरका डाग ठेवून जातो, मग पडद्यावर आकडे कितीही सुबक येवोत.

आत घडतं ते असं. ठिणगीचं तापमान दहा हजार अंशांच्या घरात जातं. नाण्याच्या पृष्ठभागावरचा नखाएवढाही नाही इतका धातू वाफ होऊन जातो आणि त्या वाफेतले अणू ऊर्जा घेऊन चेकाळतात. शांत होताना ती ऊर्जा ते प्रकाशाच्या रूपाने टाकून देतात, पण वाटेल त्या रंगात नाही. प्रत्येक मूलद्रव्याच्या तरंगलांब्या ठरलेल्या आहेत आणि त्या कुणालाही बदलता येत नाहीत. आम्ही कार्बन १९३.१ नॅनोमीटरला बघतो, सल्फर १८०.७ ला, फॉस्फरस १७८.३ ला. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीच, पण साध्या हवेतूनही तो धड जात नाही. हवेतला ऑक्सिजन तो गिळतो. म्हणून पेटी निर्वात करायची किंवा तिच्यात आर्गॉन भरायचा. लॅबचा आर्गॉनचा खर्च बघून अकाउंट्सवाले दर तिमाहीला कपाळाला हात लावतात, तो असा ऑक्सिजनच्या तोंडातून प्रकाश काढून आणण्याचा खर्च आहे.

या सगळ्याला एका बर्नमागे अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर लागतं.

माझ्या आधी जे केमिस्ट होते त्यांनी मला जुनी वेट लॅब दाखवली होती. तेव्हा ती स्टोअररूम झाली होती. कार्बनसाठी स्ट्रोहलाईनचं काचेचं उपकरण: लोखंडाचा चुरा ऑक्सिजनमध्ये जाळायचा आणि निघालेल्या वायूचं आकारमान मोजायचं. फॉस्फरससाठी मॉलिब्डेटचा पिवळा साका. सिलिकॉन म्हणजे तर अनुष्ठान. चुरा आम्लात विरघळवा, धूर येईपर्यंत आटवा, गाळा, धुवा, क्रुसिबलमध्ये तापवा, गार करा, वजन करा. दुपारच्या हीटचा पूर्ण रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर. तोवर साचे फुटलेले, कास्टिंग बाहेर पडलेली, कधी कधी फेटलिंगलाही गेलेली. ते आकडे अचूक असायचे, माझ्या यंत्राहून अचूक म्हटलं तरी चालेल. पण त्यांच्या हातात फक्त निवाडा होता, हे पास, हे भंगार. भट्टीतल्या धातूला त्यांचा काही उपयोग नव्हता.

भट्टीजवळची माणसं मग कशावर चालायची? डोळ्यांवर. एका पाचरीच्या आकाराच्या साच्यात धातू ओतायचा, गोठला की हातोड्याने मोडायचा आणि तुटलेल्या तोंडावर टोकाकडून पांढरा भाग कुठवर आलाय ते बघायचं. पांढरा जास्त म्हणजे धातू कडक होणार, सिलिकॉन कमी आहे किंवा कार्बन कमी आहे. मामा अजूनही ही पाचर मोडतात. माझा रिपोर्ट यायच्या आत "सिलिकॉन खाली हाय बघा" म्हणून फेरोसिलिकॉनची (सिलिकॉन वाढवायला घालतात त्या मिश्रधातूची) पिशवी जवळ ओढून ठेवतात, आणि बहुतेक वेळा त्यांना ती उघडावी लागते. मी हे कौतुक म्हणून सांगत नाही. त्यांनाही क्रोमिअम किंवा कथील पाचरीत मूलद्रव्यागणिक वेगळं दिसत नाही, आणि आजच्या भंगारात काय काय येतं ते पाहता त्याच गोष्टी जास्त छळतात.

प्रकाशाच्या रेघांवरून पदार्थ ओळखायची रीत १८५९-६० च्या सुमारास हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्खोफ या जोडीने बसवली. बुन्सेन रसायनशास्त्रज्ञ, तरुणपणी आर्सेनिकच्या एका संयुगाच्या स्फोटात त्याचा एक डोळा गेलेला. किर्खोफ भौतिकशास्त्रज्ञ. बुन्सेनचा तो सुप्रसिद्ध दिवा त्यांना उपयोगी पडला, कारण त्याच्या ज्योतीला स्वतःचा रंग जवळजवळ नाही. त्यांनी खोलीच्या एका कोपऱ्यात तीन मिलिग्रॅम सोडिअम क्लोरेट उडवलं आणि दुसऱ्या टोकाला ज्योतीसमोर वर्णपटदर्शी, म्हणजे प्रकाश रेघांत फोडून दाखवणारं उपकरण, घेऊन बसले. काही मिनिटांतच सोडिअमची पिवळी रेघ उजळली. हिशोब केला तर मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडिअम त्यांना दिसत होतं. पुढे एका झऱ्याच्या पाण्यात त्यांना दोन अनोळखी निळ्या रेघा दिसल्या आणि सीझिअम सापडलं. वर्षभरात रुबिडिअम. दोन्ही आधी दिसली आणि मग हातात आली.

आमच्या भागाजवळून या गोष्टीचा एक धागा जातो, तो फारसा कोणी सांगत नाही. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण. विजयदुर्गाचं नाव त्या संदर्भात सर्वांना ठाऊक आहे, दरवर्षी तिथे हेलिअम दिन साजरा होतो, साहेबाचे ओटे दाखवतात. पण ज्या लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाचं नाव त्याच्याशी जोडलं जातं त्याने हेलिअमची ती पिवळी रेघ पाहिली ती ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून. ग्रहणाच्या दिवशी फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता. आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शी लावून बसला होता, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. ऑगस्टमधलं आभाळ, दुसरं काय होणार; ढग आले. मधे ज्या थोड्या फटी मिळाल्या त्यात त्याला सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत तीन तेजस्वी रेघा दिसल्या, तांबडी, नारिंगी आणि निळी. नारिंगी त्याला सोडिअमचीच वाटली, आणि त्यात नवल नाही. सोडिअमची जोडी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही नवी रेघ ५८७.६ ला. दीड नॅनोमीटरच्या फरकामागे एक आख्खं मूलद्रव्य उभं होतं, आणि ढगांच्या फटीतून, घाईघाईत, ते वेगळं काढायचं होतं. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ उजाडलं, रॅमसेच्या प्रयोगशाळेत.

शेजारच्या रेघा वेगळ्या काढणं हा आजही आमच्या धंद्याचा निम्मा खटाटोप आहे. एका मूलद्रव्याच्या रेघेला दुसऱ्याची रेघ खेटून असते आणि ती वजा करून घ्यावी लागते. पण जमखंडीचा साहेब आणि मी यांच्यात जो खरा फरक आहे तो यंत्राच्या ताकदीचा नाही. सूर्याने सांगितलेलं त्याला फक्त लिहून ठेवायचं होतं. सूर्यात फेरोसिलिकॉन टाकता येत नाही.

प्रकाशाचं उत्तर ऐकून तिथल्या तिथे काही करावं लागण्याची पाळी पहिल्यांदा आली ती मला वाटतं शेफिल्डला, १८६३ च्या सुमारास. बेसेमर पद्धतीत वितळलेल्या बिडातून खालून हवा फुंकतात, आतला कार्बन जळत जातो आणि पंधरा-वीस मिनिटांत पोलाद होतं. हवा बंद करायचा क्षण चुकला की सगळा घाणा बिघडला. लवकर बंद केली तर कार्बन उरतो, उशिरा केली तर लोखंडच जळायला लागतं. फुंकणारे कारागीर भांड्याच्या तोंडावरची ज्वाळा बघून हा क्षण ठरवायचे. हेन्री रॉस्को हा बुन्सेनचाच विद्यार्थी. त्याने त्या ज्वाळेसमोर वर्णपटदर्शी धरला. फुंकणी चालू असताना हिरव्या पट्ट्यात रेघांचा एक जथा दिसायचा आणि कार्बन संपत आला की तो एकाएकी विझायचा. तोच हवा बंद करायचा इशारा.

यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्या हिरव्या रेघा नक्की कशाच्या, यावर पुढे बराच काळ वाद चालला. आधी वाटलं कार्बनच्या, मग कळलं की मँगनीजच्या संयुगांच्या. म्हणजे ज्या कार्बनसाठी यंत्र लावलं तो त्यात दिसतच नव्हता, दिसत होती त्याच्या जाण्याची खूण. तरी काम भागत होतं. आणि मुरलेले कारागीर म्हणायचे, ज्वाळा पडते ती आम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसते, काचेचं लोलक कशाला? त्यांचंही चूक नव्हतं. तोच प्रकाश दोघं बघत होते.

रॉस्कोला 'विझली की नाही' एवढंच हवं होतं. मला कार्बन ३.४५ टक्के की ३.५२ ते हवं असतं, आणि तिथे प्रकाश अडतो. ठिणगी आज जोरात पडते, उद्या मंद. मग रेघ ठळक दिसली ती कार्बन जास्त म्हणून की ठिणगी तगडी म्हणून? याची तोड १९२० च्या दशकात वॉल्टर गेर्लाख या जर्मन शास्त्रज्ञाने काढली. एकटी रेघ मोजूच नका, सोबत मुख्य धातूची एक रेघ मोजा आणि दोघींचं गुणोत्तर घ्या. ठिणगी कमी-जास्त झाली तरी दोन्ही रेघा एकत्रच कमी-जास्त होतील. आमच्या यंत्रात प्रत्येक आकड्यामागे लोखंडाची एक रेघ अशी साथीला उभी असते.

आणि गुणोत्तर आलं तरी ते अजून टक्के नव्हे. टक्के काढायचे तर आधी माहीत असलेले नमुने जाळून एक आलेख काढावा लागतो. म्हणून माझ्या कपाटात प्रमाणित नमुन्यांच्या (स्टँडर्डच्या) डब्या असतात, सोन्यासारख्या जपलेल्या, कारण किमतीही तशाच. पाळी सुरू झाली की आधी ते लावायचे, यंत्र कालच्यापासून किती हललंय ते बघायचं, मग हीटचा पहिला कॉइन घ्यायचा. जे लोक लॅब बघायला येतात त्यांना वाटतं की यंत्र धातू 'ओळखतं'. ते काही ओळखत नाही. ओळखीच्या नमुन्यांशी जुळवून बघतं. ओळखीच्या नमुन्यांत सगळ्यात जास्त सिलिकॉन ३ टक्के असेल आणि तुम्ही ५ टक्क्यांचा कॉइन ठेवलात, तर यंत्र आकडा देईल, दशांशानंतर तीन स्थळांपर्यंत देईल, पण तो आलेख हवेत लांबवून काढलेला असेल.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये गल्लीतल्या लोकांनी मला ऑक्सिमीटरसाठी फोन करायला सुरुवात केली. मशीनचं हिला कळतं, एवढाच निकष. "ताई, ब्याऐंशी दाखवतंय, माणूस तर चहा पितोय." मी सांगायचे, हात कोमट पाण्यात धरा, नखाचं पॉलिश काढा, आणि आधी घरातल्या ठणठणीत माणसाच्या बोटाला लावून बघा. त्यालाही ब्याऐंशीच दाखवत असेल तर दोष यंत्राचा. ठणठणीत माणूस म्हणजे माझा प्रमाणित नमुना. मात्र रुग्णाला धाप लागत असेल तर आकड्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, हेही सांगावं लागायचं, कारण चिमट्यावर चौऱ्याण्णव आहेत म्हणून निश्चिंत बसलेली माणसंही होती.

तो चिमटा म्हणजे खरोखर एक चिमुकला स्पेक्ट्रो आहे. ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश आणि ९४० चा अवरक्त, दोन्ही बोटातून पलीकडे पाठवायचे. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन तांबडा कमी शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं जास्त. बोटात हाड, कातडी, नख, स्थिर रक्त असं बरंच काही असतं. त्यातून फक्त धमनीतलं रक्त कसं निवडायचं, हे जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याच्या ध्यानात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं: प्रकाशाचा जो भाग नाडीबरोबर हलतो तेवढाच मोजा आणि दोन रंगांचं गुणोत्तर घ्या. पुन्हा गुणोत्तरच. आणि त्या गुणोत्तरावरून टक्के काढायला पुन्हा आलेखच. तो काढलेला असतो निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांचं रक्त तपासून. त्यांना साधारण सत्तर टक्क्यांच्या खाली नेता येत नाही, म्हणून त्याखालचे आकडे हवेतले. हे स्वयंसेवक कोणत्या वर्णाचे होते यालाही महत्त्व आहे. २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिमटा ठीक दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन धोक्याइतका कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. ज्यांच्यावर आलेख काढला त्यांच्यासारखे नसलेल्यांना यंत्र कमी न्याय देतं, हे मला कपाटातल्या डब्यांमुळे लगेच कळलं. करड्या बिडाच्या आलेखावर हाय क्रोमचं, म्हणजे भरपूर क्रोमिअम असलेल्या बिडाचं, नाणं ठेवलं तर काय होतं ते मी रोज बघते.

आता मामांच्या 'लवकर'कडे परत येते, कारण एसजी आयर्नच्या हीटला तो शब्द जिवावर येतो. एसजीमध्ये ग्राफाइट पाकळ्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात हवं असतं, म्हणजे क्रँकशाफ्टसारख्या मालाला चिवटपणा येतो. त्यासाठी धातूत जरासं मॅग्नेशिअम राहावं लागतं, साधारण ०.०३५ ते ०.०५ टक्के. मॅग्नेशिअम १०९० अंशांच्या आसपास उकळतं आणि धातू असतो चौदाशेच्या वर, त्यामुळे लॅडलमध्ये (धातू न्यायच्या भांड्यात) मॅग्नेशिअम घालताना डोळे दिपवणारा पांढरा भडका उठतो. आणि राहिलेलं मॅग्नेशिअमही मिनिटामिनिटाला उडत जातं. दहाएक मिनिटांत लॅडल ओतून रिकामी व्हायला हवी.

त्या दहा मिनिटांत माझा रिपोर्ट बसवायचा. कॉइन गोठायला वेळ, पाण्यात विझवायला वेळ, पोराला शेड ओलांडून पळत यायला वेळ, घासायला वेळ, मग दोन बर्न. प्रकाशाचं काम बर्नमागे तीस सेकंदांचं, बाकीची मिनिटं नाण्याच्या प्रवासात जातात. यंत्र विकायला येणारे लोक बर्नचे पाच सेकंद कमी केल्याच्या गोष्टी सांगतात तेव्हा मी त्यांना शेडमधला तो रस्ता दाखवते, जिथे हमखास कुणीतरी मोल्डिंग बॉक्सची थप्पी लावून ठेवलेली असते. आम्ही शेवटी तोडगा काढला तो साधा. कॉइन लॅडलच्या शेवटच्या धातूचा घ्यायचा, कारण मॅग्नेशिअम तिथे सगळ्यात कमी असणार. त्या लॅडलचे साचे खडूने खुणा करून बाजूला ठेवायचे, आणि आकडा आला की मगच पुढे सोडायचे. थेट उत्तर मिळालं नाही तर निदान उत्तर येईपर्यंत माल हलू द्यायचा नाही. वितळत्या धातूवर थेट लेझर मारून नाण्याशिवायच वर्णपट घेणारी यंत्रं आता आली आहेत, अ‍ॅल्युमिनिअमच्या कारखान्यांत ती वापरात येऊ लागलीत. आमच्याकडे आली तर मला आनंदच होईल, पण मळीने झाकलेल्या, धूर सोडणाऱ्या लोखंडाच्या तोंडावर ती किती टिकतील ते आधी बघेन.

उत्तर धातू पातळ असताना मिळायला लागलं, आणि त्याबरोबर एक नवीनच ताण आला, जो वेट लॅबच्या काळात नव्हता. दुसऱ्या दिवशी आलेला वाईट रिपोर्ट हे नशीब असायचं. दोन मिनिटांत आलेला वाईट रिपोर्ट हा निर्णय असतो आणि तो कुणाला तरी घ्यावाच लागतो. भट्टी थांबवून धरायची तर वीज जळते, मोल्डिंगवाले खोळंबतात, पोअरिंगची माणसं लॅडल घेऊन उभी, आणि धातू तापत ठेवला तर त्यातला कार्बनही हळूहळू कमी होतो. अशा वेळी पडद्यावर तीन बर्न असतात. दोन मॅग्नेशिअम ०.०३६ म्हणतात आणि तिसरा ०.०२९. तिसरा काढून टाकला तर सरासरी सुंदर येते, हीट पास होते आणि सगळे जेवायला जातात.

तिसरा काढायचा की नाही, याचं उत्तर आकड्यात नसतं. नाणं उचलून बर्न बघावा लागतो. पांढुरका असेल, कडं नसेल, तर तो बर्न वाईटच होता, बेधडक काढा. पण कडं नीट असेल, आवाज नीट आला असेल, तर ०.०२९ हे कदाचित खरं आहे, नाण्याच्या त्या भागात मॅग्नेशिअम खरोखर कमी आहे, आणि मग चौथा बर्न, जमलं तर दुसरा कॉइन. नव्या मुलांना मी हेच शिकवते: बर्न काढायचा तर नाण्याकडे बघून काढा, पडद्याकडे बघून नाही. अधिकाऱ्यांना हा नियम आवडत नाही, कारण तो वेळ खातो. सॉफ्टवेअरमध्ये तर विसंगत बर्न आपोआप वगळायची सोय असते. मी ती बंद ठेवते.

२०२३ च्या ऑगस्टच्या अखेरीस चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला गंधक असल्याचं दाखवलं. ते केलं लेझरने. दगड-मातीवर लेझरचा जोराचा झटका मारायचा, वाफ उजळते, तिचा वर्णपट घ्यायचा. बंगळुरूला इस्रोच्याच प्रयोगशाळेत बनलेलं उपकरण. गंधकाबरोबर अ‍ॅल्युमिनिअम, कॅल्शिअम, लोखंड, क्रोमिअम, टायटॅनिअम, पुढे मँगनीज, सिलिकॉन, ऑक्सिजन. ती यादी बघून मला आमच्या रिपोर्टची आठवण झाली, रकानेच्या रकाने तेच. जेवणाच्या सुट्टीत मी मामांना सांगितलं की चंद्रावर आपल्यासारखाच स्पेक्ट्रो लावलाय, ठिणगीच्या जागी लेझर, आणि सल्फर सापडलाय.

मामांनी विचार केला. एसजीवाल्याला सल्फर म्हणजे वैरी, तो मॅग्नेशिअम खातो. "मग तिथलं स्क्रॅप आपल्याला नको," म्हणाले. नंतर भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले. "आणि स्टँडर्ड कुठलं लावलं त्यांनी?"

प्रज्ञानचं मला नीट सांगता येईना, म्हणून मंगळाचं सांगितलं. २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीवरही असंच लेझरचं यंत्र आहे, सात मीटरपर्यंतचा दगड तपासतं, आणि त्या गाडीने आपले नमुने बरोबरच नेलेत. दहा चकत्या, गाडीच्याच अंगावर बसवलेल्या, काय आहे ते आधीच माहीत असलेल्या. यंत्र मान वळवून त्यांच्यावर लेझर मारून बघतं.

"रोज सकाळी लावतात?"

"रोज नाही मामा. अधूनमधून."

"अधूनमधून," मामा म्हणाले, आणि उरलेली भाकरी संपेपर्यंत त्यांचं तोंड वाकडंच होतं.